भुताची पुस्तकं वाचून पोरं बिघडतात म्हणे (उत्तर लांबलंय, चहा घेऊन बसा)

गच्चीवरचा वाचक
काल गुरुजींची पोस्ट वाचली आणि रात्री झोप उडाली. भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांनाही इतकं जमलं नव्हतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "रहस्यकथा, भयकथा म्हणजे गाड्यावरची भजी. तोंडाला चव, पोटाला जाच. पोरांच्या हाती देऊ नका, अंधश्रद्धा वाढते." खाली हात जोडलेल्यांची ही रांग.

गुरुजी, मी सातवीत असताना अण्णांची गिरणी बंद पडली. भोंगा थांबला. मे महिन्यात सोलापुरात घरात झोपवत नाही हे तुम्हाला सांगायला नको. दोन बादल्या पाणी ओतून गच्ची गार करायची, वर गादी टाकायची. खाली आई-अण्णा वाण्याच्या उधारीवरून कुजबुजत असायचे. ते कानावर पडू नये म्हणून मी चादरीत बॅटरी लावून धारप वाचायचो. घाबरायचो, अगदी दरदरून घाम. पण पुस्तक मिटलं की भूत गप्प बसायचं. वाणी सकाळी सातला दारात हजर.

मी आजवर एकाही बुवाच्या दारी गेलो नाही. आमच्या आळीत गेले ते सगळे पोथ्या वाचणारे.

निवृत्त गुरुजी
तुमच्या वडिलांविषयी मला आदर आहे, पण एका गच्चीवरून गावाचा नकाशा काढू नये. मी एकतीस वर्षं वर्गात उभा होतो. असली पुस्तकं वाचून रात्री एकट्यानं परसाकडे जायला घाबरणारी मुलं मी पाहिली आहेत.

आणि दुसरं. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली आला, त्याआधी दाभोलकरांचा खून व्हावा लागला. त्याच राज्यात 'अंगारा फुंकला आणि पिशाच्च पळालं' हे आपण मिटक्या मारत वाचायचं? पोथीवाल्यांना मधे आणून विषय फिरवू नका.

कडक भाकरी
काय बोलू लालाव ओ गुरुजी? भयकथेचं पाप रहस्यकथेच्या डोक्यावर कशाला? वाड्यातलं भूत शेवटच्या प्रकरणात मुनीमजी निघतो, यापेक्षा अंधश्रद्धा निर्मूलन वेगळं काय असतं? बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली. अर्ध्या महाराष्ट्राला वाचायची सवय त्यांनी लावली, क्रमिक पुस्तकांनी नाही.

माझा राग वेगळ्याच माणसावर आहे. पेठेतल्या लायब्ररीतून पुस्तक आणायचो, आणि ऐन रंगात आलो की समासात पेन्सिलनं लिहिलेलं असायचं: 'खुनी डॉक्टर आहे.' तो माणूस सापडला तर कायदा हातात घेईन म्हणतो.

व्हाया कुर्डुवाडी
गच्चीवरचे, धारपांचं एवढं कौतुक करताय म्हणून विचारतो. 'लुचाई' स्टीफन किंगच्या १९७५च्या कादंबरीवर बेतलेली आहे, हे ठाऊक असेलच? उसन्या भुताला घाबरलात की.

गच्चीवरचा वाचक
असेल उसनं. किंगचं इंग्रजी पुस्तक आमच्या पेठेत तेव्हा कोण आणून देणार होतं? तुमचे काका? रक्तपिपासू माणूस मराठी गावात आणून बसवायचा आणि वाचणाऱ्याला खोटा वाटू द्यायचा नाही, हे करून दाखवा आणि मग बोला. पुण्याला गेलं की सगळ्यांना मूळ पुस्तकं सापडतात.

व्हाया कुर्डुवाडी
दर शनिवारी घरी येतो मी. हुतात्मा एक्सप्रेसमधे रहस्यकथाच वाचतो. पुण्याचे टोमणे नकोत.

सातरस्ता
ते पेन्सिलवालं राहू द्या. आमच्याकडे शेवटचं पानच फाडलेलं असायचं. मालकाला सांगितलं तर म्हणाला, तूच फाडलंस, भर पैसे. गल्ल्याजवळ चार बाया उभ्या होत्या. मी दहावीत होतो. अजून आठवलं की कान तापतात.

शेंगाचटणी
पेन्सिल माझी होती.

कडक भाकरी
काय??

शेंगाचटणी
एक पुस्तक पावसात भिजलं तर मालकानं माझं सगळं डिपॉझिट ठेवून घेतलं. वीस रुपये. तेव्हा वीस रुपयांत महिना निघायचा माझा. मग पुढचं वर्षभर मैत्रिणीच्या कार्डावर पुस्तकं आणली आणि एकेकात लिहून परत केली. पश्चात्ताप नाही.

कडक भाकरी
अगं पण मालकाचं काय गेलं त्यात? वर्गणी भरून वाचणारे आम्ही मेलो ना! पंधरा दिवस नंबर लावून पुस्तक हातात यायचं. तुझ्यापायी मी एक तर चाळिसाव्या पानावर मिटून परत दिलं होतं.

सातरस्ता
ताई, शेवटची पानं पण तुम्हीच का?

शेंगाचटणी
पान मी कधी फाडलं नाही. पुस्तकाला इजा करणाऱ्यातली नाही मी.

निवृत्त गुरुजी
बघा, हेच म्हणत होतो. वर्षभर सूड चालवायची बुद्धी कुठल्या साहित्यातून आली? तरी एक मान्य करतो. उधारीच्या दिवसांत मुलगा गच्चीवर पुस्तक वाचत होता, पत्ते कुटत नव्हता. तेवढ्यापुरतं ठीक. अंगाऱ्याचं उत्तर मात्र अजून कोणी दिलेलं नाही.

गच्चीवरचा वाचक
आभारी आहे, दहापैकी अडीच गुण मिळाले. अंगाऱ्याचं म्हणाल तर तिथं तुमचं थोडं बरोबर आहे. काही पुस्तकांत मांत्रिकाचा फारच उदो उदो असतो, मलाही ते आता खटकतं. पण मतकरींची गूढकथा घ्या. तिच्यात बऱ्याचदा कुणी मांत्रिक सोडवायला येत नाही, माणूस आपल्या कर्मानं अडकतो. सगळ्यांना एका कढईत तळू नका.

शेंगाचटणी
भाकरी, चाळिसाव्या पानावर सोडलेलं कुठलं? कारण खरं सांगायचं तर मी नावं खोटी लिहायचे. खरा खुनी कधीच लिहिला नाही. तेवढी माणुसकी होती.

कडक भाकरी
म्हणजे डॉक्टर नव्हता?? तीस वर्षं मी डॉक्टर धरून चाललोय बे! नाव आठवत नाही. निळं कव्हर, विहीर, काठावर पाठमोरी बाई. डॉक्टर घोड्यावरून यायचा. कुणाला आठवतंय का?

निवृत्त गुरुजी
विहिरीत कंदील सापडतो, तेच ना? एका विद्यार्थ्याकडून जप्त केलं होतं. कंपाउंडर.

कडक भाकरी
गुरुजी!!! आता वाचणार होतो ना मी!