‘दोन वचनं आणि तासभर मौन’ हा आळस आहे का?

मार्था (वसई), धागाकर्ती

आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चच्या पॅरिशच्या, ग्रुपवर एका बंधूंचा लेख फिरतोय. सार असं: चार माणसं घरात गोल बसून बायबलची दोन वचनं तीनतीनदा वाचतात आणि डोळे मिटून बसतात, हा शास्त्राभ्यास नव्हे, भक्तीच्या नावाखालचा आळस. खरा विश्वासणारा वर्षाला अख्खं बायबल वाचून काढतो, रोज सव्वातीन अध्याय.

११८९ अध्याय भागिले ३६५ दिवस. भागाकार बरोबर आहे, अभिनंदन. पुढे?

आमच्या एससीसीत, म्हणजे शेजारच्या घरांच्या छोट्या ख्रिस्ती गटात, लुम्को संस्थेच्या सात पायऱ्यांनी वाचतात. दक्षिण आफ्रिकेतून आलेली, चांगली मुरलेली पद्धत, त्यामुळे ‘हल्लीचं फॅड’ म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. उतारा वाचायचा, मनाला लागलेले शब्द मोठ्यानं म्हणायचे, गप्प बसायचं, मग ज्याला जे भिडलं ते सांगायचं. कुणी कुणाला दुरुस्त करायचं नाही.

मध्यंतरी मार्कच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय होता, बारा वर्षं रक्तस्रावानं गांजलेली बाई. सगळ्यांनी निवडलं येशूच्या वस्त्राला शिवणं, विश्वासानं बरं होणं, वगैरे. कोपऱ्यात बसलेल्या एक मावशी, ज्या एरवी तोंड उघडत नाहीत, म्हणाल्या, “असेल नसेल ते खर्चून.” पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी शब्द अर्धेच बाहेर आले. नवऱ्याच्या दवाखान्यापायी त्यांनी वाडीचा तुकडा विकला होता, हे शेजारी राहून आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. सव्वातीन अध्यायांच्या वेगात हे चार शब्द कुणाच्या लक्षात आले असते?

नगरकर

ताई, मावशींबद्दल पूर्ण आदर ठेवून बोलतो. तो लेख मी लिहिलेला नाही, पण निम्मा पटतो.

तुम्ही मार्क वाचलात. तीच बाई लूकच्या आठव्या अध्यायात आहे. मार्क सरळ सांगतो की वैद्यांच्या हातून तिचे हालच झाले, पैसा गेला आणि दुखणं वाढलं. लूक तेवढं बोलत नाही, कुणालाच तिला बरं करता आलं नाही एवढ्यावर भागवतो. परंपरा लूकला वैद्य मानते, तेव्हा त्यानं व्यवसायबंधूंना सांभाळून घेतलं की काय, असा विनोद आमच्या बायबल क्लासात ठरलेला असे. पण ही गंमत, आणि मार्कचा तिखटपणा, दोन्ही शेजारी ठेवून वाचल्याशिवाय कळतच नाही. तुमच्या गोलात हे कुणी सांगायला गेला तर ‘दुरुस्ती नको’ म्हणून त्याला गप्प बसवणार.

दुसरं म्हणजे यिर्मया २९:११. तुमच्या हिताच्या योजना मला ठाऊक आहेत, असं देव म्हणतो ते वचन. आमच्या मंडळीत प्रत्येक व्हिसा, प्रत्येक बारावी, प्रत्येक लग्न या एका वचनावर चालतं. अहो, वरचं दहावं वचन वाचा! बाबेलच्या बंदिवासात सत्तर वर्षं काढा, मग बघू, असं लिहिलंय. ऐकणाऱ्यांतले बहुतेक तिथंच मरणार होते. एकच वचन घेऊन ‘मला काय वाटलं’ करत बसलं की हे असं होतं.

सायमनकाका

नगरकरांशी सहमत. शिवाय ही मुळात मठातली पद्धत. बाराव्या शतकात गुइगो नावाच्या कार्थुसियन पंथाच्या साधूनं वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन अशी चार पायऱ्यांची शिडी लिहिली. आपण सुधारणेच्या वाटेवरचे, प्रोटेस्टंट लोक, आपल्याला मठ कशाला?

शालिनी, पुणे

काका, ती सुधारणा सुरू करणाऱ्या लूथरनंच १५३९ साली स्वतःच्या ग्रंथांच्या प्रस्तावनेत शास्त्र कसं वाचावं ते सांगितलंय: प्रार्थना, मनन आणि कसोटी. तोही मठातूनच आला होता. आणि वर्षाचं वेळापत्रक तरी कुठं आकाशातून पडलं? १८४२ साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या मॅकचेन नावाच्या तरुण पाळकानं आपल्या मंडळीसाठी केलेला तक्ता आजही चालतो.

माझा राग वेगळाच आहे. हळू वाचणारे आणि भराभर वाचणारे, दोघंही अवघड जागा टाळतात. २ शमुवेल १३ कुठल्या गोलात वाचलंत सांगा. दावीद राजाची मुलगी तामार, तिच्यावर सावत्र भावानं बलात्कार केला, दुसरा भाऊ म्हणाला गप्प राहा, बाप रागावला आणि स्वस्थ बसला. दक्षिण आफ्रिकेत पीटरमारित्झबर्गच्या उजामा केंद्रानं हाच उतारा बायकांच्या लहान गटांत सावकाश वाचायला घेतला. तामार काय म्हणते, कोण ऐकतं, कोण ऐकत नाही, असे साधे प्रश्न. बायका स्वतःचं बोलायला लागल्या. म्हणून तिथं आधार द्यायला माणसं आधी तयार ठेवतात, मग उतारा उघडतात. आपल्याकडे आधी उघडतात आणि मग चहा आणतात.

नाव नको, नालासोपारा

चहा तरी बरा. आमच्याकडे बातमी बाहेर जाते.

माझ्या मुलाचं पिणं मी फक्त गोलात सांगितलं होतं, पाचव्या, म्हणजे मनातलं सांगायच्या पायरीला, डोळ्यांत पाणी आणून. पुढच्या रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) सुटल्यावर चर्चच्या आवारात एक बाई, जी आमच्या गोलात नाहीच, तिनं माझा हात धरून व्यसनमुक्ती केंद्राचा नंबर दिला. वर म्हणाली, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) करा. मुलगा माझ्या शेजारी उभा होता. तो नंतर माझ्याशी किती काळ बोलला नाही, ते मी इथं लिहीत नाही. तेव्हापासून मी मौनाच्या पायरीवरच थांबते. तेवढी पायरी खरंच सुरक्षित आहे.

सायमनकाका

क्षमा करा, पण ह्या चुगल्या बहुतेक भगिनीवर्गाकडूनच होतात.

मार्था

काका!! आमच्याकडे मागं एक गोष्ट फुटली ती एका पुरुषानं फोडली, रिक्षा स्टँडवर, मोठ्यानं. भगिनीवर्ग म्हणे.

शालिनी, पुणे

‘इथलं इथंच’ अशी सूचना दर वेळी देतात. ती मोबाइल बंद ठेवा या सूचनेइतकीच पाळली जाते.

नगरकर

यावर कुणी बोलत नाही ते मी बोलतो. फादरांपुढं पापनिवेदन केलं तर ते बाहेर जाऊ नये म्हणून चर्चचा कडक कायदा आहे. आमच्या पाळकसाहेबांकडेही माणूस दार लावून बोलतो. गोलात ना कायदा ना दार. दहा जणांपुढं काळीज उघडायला लावायचं आणि जबाबदारी कुणाचीच नाही. मग माणसं काय करतात? खरं सांगतच नाहीत. “मला शांती मिळाली”, “मला शांती मिळाली”. आमच्या कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे घरगुती प्रार्थनासभेत, शांती एवढी वाटली जाते की कुणाकडे उरत कशी नाही, हा प्रश्न आहे.

नाव नको, नालासोपारा

हे मात्र खरं बोललात. अभ्यासक असून.

एक वारकरी शेजारी

आगंतुक आहे, पण राहवत नाही. आमच्या सप्ताहात ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत होतात. व्यासपीठावरचे महाराज पुढे, आम्ही मागे, आणि दुपारच्या सत्रात अर्धा मंडप पेंगत असतो. एक तरी ओवी अनुभवावी असं नामदेवांच्या नावानं आम्हीच सांगतो, आणि पारायणाची संख्याही आम्हीच मोजतो. तरीही पारायण सोडू नये असं माझं मत. लहानपणापासून कानावर पडलेली ओवी कधीतरी बसच्या रांगेत उभं असताना अचानक कळते. न वाचलेली कशी कळणार?

नगरकर

घ्या. बाहेरच्या माणसाला कळलं.

मार्था

माऊली, तुमचं पटलं. नगरकरांचं पटलंय असा अर्थ त्यांनी काढू नये.

शालिनी, पुणे

सगळे पाचव्या पायरीवर भांडताय. लुम्कोची सहावी पायरी काय आहे? गटानं मिळून आता कोणतं काम करायचं ते ठरवणं. मार्थाताई, मावशींनी वाडी विकली हे कळल्यावर तुमच्या गटानं काय केलं?

मार्था

प्रार्थना केली.

आणि आता लगेच ‘बघा’ म्हणू नका. दोघींनी जाऊन दवाखान्याची कागदपत्रं पाहिली. एका योजनेत बिलाचा काही भाग बसला असता, पण मुदत निघून गेली होती. सहाव्या पायरीला आमच्याकडे साधारणपणे पुढच्या महिन्यात कुणाच्या घरी जमायचं ते ठरतं. कुणाकडे पॅटिस होते आणि कुणाकडे नुसती बिस्किटं, तेही ठरतं. म्हणून दोन-तीन घरं बोलावणंच टाळतात. हे मी आमच्या झोनच्या सभेत बोलले आहे, इथं पहिल्यांदा बोलत नाही.

सायमनकाका

म्हणजे माझा मूळ मुद्दा सिद्ध झाला.

शालिनी, पुणे

कुठला? मठाचा की भगिनींचा?

नगरकर

मी एवढंच म्हणतो की सोबत सांगणारा हवा. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८: कूशी (इथिओपियाचा) षंढ रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचतोय. फिलिप्प विचारतो, वाचताय ते कळतंय का? तो म्हणतो, कुणी दाखवल्याशिवाय कसं कळेल?

मार्था

फिलिप्प रथात चढून त्याच्या शेजारी बसला, भाऊ. व्यासपीठावर उभा राहिला नाही. आणि त्यानं आधी विचारलं.

नगरकर

बरं. शेजारी बसतो. यिर्मया २९ घ्या, पण पहिल्या वचनापासून चौदाव्यापर्यंत. अकरावं वचन सुटं काढून कुणी तीनदा म्हणणार असेल तर मी येत नाही.

मार्था

चौदा वचनं चालतील. मौनाच्या वेळी घड्याळ बघायचं नाही. लूक आणायचा नाही.

नाव नको, नालासोपारा

कुणाच्या घरी ठेवताय ते आधी कळवा. ती नंबरवाली बाई त्याच गल्लीत राहत असेल तर मला आत्ताच ताप भरलाय असं समजा.