कमांडच्या आधी $ लिहायचं की नाही?

कळफलक:
कॉलेजातल्या मुलांसाठी लिनक्सच्या नोंदी मराठीत लिहितोय. आमच्या गटात तीन दिवस एकच वाद: कमांडच्या आधी प्रॉम्प्टचं (कमांडची वाट पाहताना टर्मिनल दाखवतं त्या खुणेचं) $ चिन्ह छापायचं का? माझं मत, अजिबात नाही. नवशिका वाचून टाइप करत नाही, कॉपी करून चिकटवतो. $ सकट चिकटवलं की बॅश (कमांड वाचून चालवणारं शेल) सांगतं, '$' नावाची कमांड सापडली नाही. पोरगं घाबरतं आणि लिनक्स पुन्हा पहिल्यापासून टाकायला घेतं. $ टर्मिनल दाखवतं, आपण टाइप करत नाही. मग छापायचं कशाला?

राखणदार:
कशाला म्हणजे? $ म्हणजे साधा वापरकर्ता, # म्हणजे रूट, सगळे अधिकार असलेलं खातं. कमांड कोणत्या अधिकाराने चालवायची ते एका चिन्हात कळतं. शिवाय खाली आउटपुट दाखवलं असेल तर माणसाची ओळ कुठली आणि यंत्राची कुठली, हे वाचणाऱ्याने ओळखायचं कसं? आणि न वाचता चिकटवणारा $ ला अडखळत असेल तर अडखळू दे. सर्व्हरवर अडखळण्यापेक्षा बरं.

कळफलक:
# चं एवढं कौतुक नको. बॅशमध्ये # पासून पुढचं सगळं टिप्पणी. # सकट चिकटवलं तर कमांड चालत नाही आणि चूकही दिसत नाही. मुलाला वाटतं, झालं काम! रूट हवं असेल तिथे कमांडच्या आधी सरळ सुडो लिहा, म्हणजे ती रूटच्या अधिकाराने चालते.

राखणदार:
सुडो सगळीकडे तयार नसतं हो. डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकताना रूटचा पासवर्ड दिलात, तर तुमच्या खात्याला सुडोची परवानगी आपोआप मिळत नाही. आणि सुडो इको (इको म्हणजे दिलेला मजकूर छापणारी कमांड) लिहून पुढे > ने आउटपुट ईटीसी या सिस्टीमच्या सेटिंगांच्या फोल्डरमधल्या फाइलीत वळवून बघा. परवानगी नाकारली जाईल, कारण ती फाइल सुडो उघडत नाही, तुमचं स्वतःचं शेल उघडतं. रूटचं # प्रॉम्प्ट असेल तिथे ही भानगडच नाही.

दुपारचा_चहा:
मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणांनी मांडणी करून, लिहिलेला मजकूर तपासणारं मार्कडाउनलिंट नावाचं साधन आहे, त्यात एमडी०१४ हा नियम याच भांडणाचा: खाली आउटपुट नसेल तर $ काढा, असेल तर ठेवा. मला पटतो. बाकी २०१९च्या कॅटालिनापासून मॅकवर बॅशऐवजी झेडशेल हे दुसरं शेल येतं, तिथे प्रॉम्प्ट % असतो. त्या मुलांना $ काय सांगणार?

लॅबवाली:
तुम्ही सगळे $ ला धरून बसलात. माझ्या लॅबमध्ये तास जातो तो दुसऱ्याच गोष्टींत. नोंदी वर्ड प्रोसेसरमध्ये लिहिल्या की दोन हायफनची एक लांब रेघ होते, सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात. डोळ्यांना काही दिसत नाही, शेलला मात्र सगळं दिसतं.

त्यात आपल्या विभक्त्या! 'एलएसने यादी पाहा' लिहिलं की 'ने' कमांडला चिकटतो. मी कमांड नेहमी स्वतंत्र ओळीवर लिहिते आणि ओळीच्या शेवटी पूर्णविराम देत नाही. फाइलीच्या परवानग्या बदलणाऱ्या सीएचमॉडला ७५५ देवनागरी आकड्यांत देणारी मुलंही पाहिलीत. मॅन पेजमधला (कमांडच्या माहितीपानातला) चौकोनी कंस म्हणजे 'ऐच्छिक', पण ती कंससुद्धा टाइप करतात. < > मध्ये 'इथे फाइलचं नाव' लिहिलं तर आणखी वाईट. शेलला ती इनपुट-आउटपुट वळवायची चिन्हं वाटतात.

कळफलक:
यावर माझा उपाय: जिथे स्वतःचं नाव घालायचं तो भाग देवनागरीत, बाकी कमांड रोमनमध्ये. लिपी बदलली की डोळ्याला आपोआप कळतं. इंग्रजी नोंदी लिहिणाऱ्यांना ही सोय नाही बरं का.

लॅबवाली:
छान दिसतं, पण फसतं. फोल्डर बनवणाऱ्या मेकडिरपुढे 'फोल्डरचे_नाव' दिलं होतं. अर्ध्या वर्गाने तसंच चिकटवलं. लिनक्सला यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) चालतं, त्यामुळे कुरकुर न करता 'फोल्डरचे_नाव' याच नावाचे फोल्डर तयार झाले. चूक आलीच नाही.

राखणदार:
निदान त्या फोल्डरची नावं मराठीत तरी होती! देवनागरीची युक्ती मला मान्य, फक्त खाली 'हे बदला' अशी ओळ हवी. # मात्र मी काढणार नाही.

कळफलक:
मग तुमच्या प्रकरणात ठेवा. माझ्या प्रकरणात नसेल. मुलं विचारायला आली की तुमच्याकडे पाठवतो.