अमेरिकेतला अभ्यास आणि बाबांच्या वरण-भातावरचं तूप

वडगावची_लेक:
नमस्कार. बाबा ७१ वर्षांचे आहेत. प्रोस्टेटचा कॅन्सर, रक्तातलं पीएसए (प्रोस्टेटमधलं प्रथिन) १४, बायॉप्सीत ग्लीसन (पेशी किती आक्रमक दिसतात त्याचे गुण) ४+३. बाहेर पसरलेला नाही. रेडिएशन ठरलंय, पुरुषी हार्मोन दाबणारं पहिलं इंजेक्शन झालंय.

न्यू जर्सीहून दादाने लेख पाठवला, की चरबीच्या खाण्याने हा कॅन्सर जास्त आक्रमक होतो आणि गोऱ्यांत नि कृष्णवर्णीयांत परिणाम वेगळा दिसतो. त्या दिवसापासून आईने तुपाचा डबा फडताळात वर ठेवून दिलाय. बाबा बोलत नाहीत काही, पण कोरडा वरण-भात चिवडत बसतात आणि अर्धा तसाच ठेवतात. आजवर या माणसाने कधी पान टाकलेलं मी पाहिलेलं नाही.

आम्ही ना गोरे, ना कृष्णवर्णीय. मग आम्ही यातून काय घ्यायचं? तूप बंदच करायचं का? शेंगदाणा तेल सोडून करडई आणू का?

आहार_कर्वेनगर:
ताई, आधी तो डबा खाली काढा. आज रात्रीच्या वरण-भातावर एक चमचा तूप वाढा. मी पुण्यात बरीच वर्षं कॅन्सरच्या पेशंटचा आहार बघते. ऐन उपचारांत जेवण तुटलं तर ते भरून काढताना फार त्रास होतो.

लेख बहुधा नॉर्थ कॅरोलिना आणि लुइझियाना या राज्यांतल्या अभ्यासावरचा असेल. २००४ ते २००९ मध्ये नुकतंच निदान झालेले गोरे आणि कृष्णवर्णीय पुरुष त्यात घेतले होते. चरबीचं विश्लेषण १८५४ जणांचं, त्यातल्या ३२१ जणांचा आजार आक्रमक. संपृक्त चरबी (तूप, लोणी, साय यांत जास्त असते ती) जास्त खाणाऱ्यांत आक्रमक आजाराची शक्यता साधारण दीडपट दिसली. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत हा संबंध बराच फिका पडला. खाण्यातल्या कोलेस्टेरॉलचा संबंध गोऱ्यांत दिसला, कृष्णवर्णीयांत दिसला नाही.

पण हे सगळं निदानाच्या वेळी आधीचं खाणं विचारून काढलेलं आहे. आता तूप थांबवलं तर पुढे काय होईल, याचं उत्तर त्यात नाही. शिवाय अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषांचे या कॅन्सरने होणारे मृत्यू गोऱ्यांच्या दुप्पट आहेत. त्यामागे काही अंशी जनुकं आहेत, तसंच उशिरा होणारी तपासणी, विमा, चांगल्या दवाखान्यापर्यंत पोचता न येणं हेही आहे. ताटातल्या एका पदार्थावर ते ढकलता येत नाही. आणि त्या अभ्यासात आपली माणसं नव्हतीच, तेव्हा बाबांना कुठल्या रकान्यात बसवायचं हा प्रश्न सोडून द्या.

मला काळजी आहे ती हार्मोनच्या इंजेक्शनची. त्याने स्नायू झडतात, पोट सुटतं, साखर वाढू शकते, हाडं ठिसूळ होतात. हृदयालाही जपावं लागतं. संपृक्त चरबी कमी करायची ती मुख्यतः यासाठी. एक चमचा तूप म्हणजे ५ ग्रॅम, त्यात संपृक्त जेमतेम ३ ग्रॅम. म्हशीचं अर्धा लिटर दूध घ्या: चरबी ३० ग्रॅम, त्यातली निम्म्याहून जास्त संपृक्त. चहा, साय, दही, रविवारचं श्रीखंड यांतून किती जातं ते आईंना विचारा. चहाबरोबर बेकरीची खारी किंवा क्रीमरोल असेल तर तोही धरा.

तेल करडई की शेंगदाणा, दोन्ही चालेल. फोडणीला किती पडतं ते बघा. तिघांच्या घरात महिन्याला ५ लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी रोज ५० ग्रॅम झालं. त्याच्या निम्मं पुरे.

तळजाई_सकाळ:
मी स्वतः ही इंजेक्शनं घेतली आहेत. बाबांना चालायला न्या, आणि बसून-उठून पाय मजबूत ठेवायचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. चालण्यापेक्षाही त्याचा मला जास्त उपयोग झाला. सकाळी मुगाचं धिरडं, नाहीतर दोन अंडी. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी सुरुवातीलाच करून घ्या, आपण विचारलं नाही तर ती राहून जाते. घाम फुटून अंग तापतं, तेव्हा ते घाबरतील. आधीच सांगून ठेवा.

वडगावची_लेक:
दोघांचे मनापासून आभार. आईने तुपाचा डबा खाली काढला. दूध रोज एक लिटर येतं, म्हशीचं, आणि साय बाबाच खातात! उद्यापासून गाईचं सांगते. एक राहिलं: आजी जवसाची चटणी पाठवते. जवस प्रोस्टेटला वाईट, असं कुणीतरी म्हणालं. आणि शेजारच्या काकांनी व्हिटॅमिन ई च्या कॅप्सूल आणून दिल्यात.

आहार_कर्वेनगर:
चटणी खुशाल द्या. ऑपरेशनच्या आधी पुरुषांना रोज ३० ग्रॅम जवसाची पूड देऊन बघितलं होतं, २००८ मध्ये ते छापून आलं. जवस खाणाऱ्यांत गाठीतल्या पेशींची वाढ कमी दिसली. आजार बरा होतो असं त्यातून म्हणता येत नाही, पण भीतीचं कारण नाही. फक्त मीठ बेतानं घाला.

कॅप्सूल मात्र काकांना परत द्या. व्हिटॅमिन ई वर निरोगी पुरुषांची मोठी चाचणी झाली होती. २०११ मध्ये निष्कर्ष आला, की नुसतं ई घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त आढळला. पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), उपाशीपोटीची साखर आणि व्हिटॅमिन डी लिहून मागा. रिपोर्ट आले की आकडे इथे टाका, मग आठवड्याचं जेवण बसवू.