नगरपालिकेने फुटबॉल क्लब वाचवावा का? रेक्रेआतिवो दे वेल्वाच्या निमित्ताने

दर्यावर्दी

२०२५ मध्ये रेक्रेआतिवो दे वेल्वा पुन्हा खाली घसरला. तिसऱ्या पातळीवरून चौथ्या, म्हणजे सेगुंदा फेदेरासिओनमध्ये. तेव्हापासून एक वाद माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना क्लब माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्पेनच्या नैर्ऋत्य टोकाला, पोर्तुगालच्या सीमेजवळ वेल्वा नावाचं बंदर आहे. २३ डिसेंबर १८८९ रोजी तिथे हा क्लब स्थापन झाला. आज चालू असलेल्या स्पॅनिश फुटबॉल क्लबांत सर्वांत जुना तोच मानला जातो, म्हणून त्याला 'एल देकानो', म्हणजे ज्येष्ठ, म्हणतात. २०१५ मध्ये तो दुसऱ्या विभागातून खाली आला. खेळाडूंचे पगार थकले होते, कराची देणी डोक्यावर होती, क्लब बंद पडणार हे जवळजवळ ठरलं होतं. २०१६ मध्ये वेल्वाच्या नगरपालिकेने क्लबचे समभाग खासगी मालकाकडून सक्तीने संपादित केले. रस्त्यासाठी जमीन घेतात तसे. त्याच वर्षी अंदालुसियाच्या प्रादेशिक सरकारने क्लबला सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला.

माझं मत ठाम आहे: नगरपालिकेने बरोबर केलं. नंतरचे निकाल कसेही लागले असोत.

मी शिकायला सेव्हियात होतो तेव्हा एका रविवारी वेल्वाला सामना पाहायला गेलो. नुएवो कोलोंबिनो हे स्टेडियम वीसेक हजारांचं, ओदिएल नदीच्या खाडीपासून जवळच. शेजारच्या खुर्चीवर सत्तरीचे एक आजोबा निळा-पांढरा मफलर गुंडाळून बसले होते. सूर्यफुलाच्या बिया सोलून खात होते आणि टरफलं न विसरता एका कागदाच्या पुडीत टाकत होते. सामना रटाळ होता, गोल झालाच नाही. तरी शेवटची शिट्टी वाजेपर्यंत ते जागचे हलले नाहीत. जाताना मला म्हणाले, "वडिलांनी मला आणलं, मी मुलाला आणलं." एवढंच. क्लब २०१६ मध्ये बंद झाला असता तर या माणसाचा रविवार कुठे गेला असता?

हिशेबनीस

भावना कळते, पण मुद्दा पटला नाही.

एक गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत. तो खासगी मालक आकाशातून पडलेला नव्हता. त्याआधी क्लबवर नगरपालिकेचीच मालकी होती आणि २०१२ मध्ये तिनेच तो विकला होता. म्हणजे आधी स्वतःच्या हाताने चुकीच्या माणसाला द्यायचा, चार वर्षांनी त्याच्याकडून कायद्याने ओढून घ्यायचा, आणि या येरझाऱ्यांचा भुर्दंड करदात्याने सोसायचा. जो वेल्वाकर आयुष्यात कधी सामन्याला गेला नाही त्याच्या पैशावर क्लबचा काय हक्क? अंदालुसियात बेकारी स्पेनच्या सरासरीहून कायम जास्त असते. अशा शहरात रुपया, माफ करा, युरो कुठे खर्च करायचा याचा विचार फार कडक हवा.

आणि त्या पैशातून काय मिळालं? २०२०-२१च्या मोसमात क्लब तिसऱ्या पातळीवरून थेट पाचव्यावर गेला. सावरून वर आला आणि २०२५ मध्ये पुन्हा घसरला. मला यात वाचवणं दिसत नाही.

दर्यावर्दी

विक्रीचा मुद्दा खरा आहे, तो मी आधीच सांगायला हवा होता. मात्र विकून केलेली चूक निस्तरायची जबाबदारीही त्याच नगरपालिकेची नव्हती का?

पाचव्या पातळीबद्दल अर्धंच चित्र दिलंत. त्या वर्षी स्पॅनिश महासंघाने खालच्या विभागांची सगळी रचना बदलली. जुनी तिसरी पातळी मोडून तिसरी, चौथी, पाचवी अशा नव्या पायऱ्या केल्या. त्यामुळे वाईट खेळलेला संघ एका झटक्यात दोन पायऱ्या खाली गेला. संघ वाईट खेळला हे मी नाकारत नाही. पण त्यानंतर काय झालं? २०२२ मध्ये वर, २०२३ मध्ये पुन्हा वर, सलग दोन बढत्या. आणि २०१९ मध्ये तर हाच संघ आपल्या गटात पहिला आला होता, बढतीच्या प्लेऑफमध्ये फुएनलाब्राडा या संघाने अडवलं. नुसता उतार असता तर मी हा धागा काढला नसता.

मातीचा_वास

तुमच्या दोघांच्या वादात मूळ गोष्ट राहून गेली. वारसा, वारसा म्हणताय, तो नेमका कोणाचा?

१८७३ मध्ये ब्रिटिश भांडवलदारांनी स्पॅनिश सरकारकडून रिओ तिंतोच्या तांब्याच्या खाणी विकत घेतल्या. खाणीपासून वेल्वाच्या धक्क्यापर्यंत रेल्वे टाकली. खनिज बोटीत भरायचा तो जुना धक्का अजून ओदिएलच्या पात्रात उभा आहे. या कंपनीचे आणि शहरातले इतर ब्रिटिश रहिवासी, त्यांत विल्यम अलेक्झांडर मॅके हा स्कॉटिश डॉक्टर, यांनी 'वेल्वा रिक्रिएशन क्लब' काढला. नावातच रंजन आहे. साहेबांचं रंजन.

आता त्याआधीचं वर्ष पाहा. खाणीत धातुक उघड्यावर भाजायचे, गंधकाच्या धुराने शेतं करपायची आणि छाती भरून यायची. ४ फेब्रुवारी १८८८ रोजी खाणकामगार आणि शेतकरी बायकापोरांसह रिओ तिंतोच्या चौकात जमले आणि सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा १३ मृतांचा, पण खरे बळी त्याहून कितीतरी जास्त असल्याचं मानलं जातं. तिकडे त्या वर्षाला आजही 'गोळ्यांचं वर्ष' म्हणतात. त्यानंतर दोन वर्षंही उलटली नव्हती तेव्हा हा क्लब स्थापन झाला. त्याला सांस्कृतिक वारसा म्हणताना चौकातली ती माणसं आठवायला नकोत?

हिशेबनीस

हे मला माहीत नव्हतं. लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

कोलोंबिना

@मातीचा_वास, मी तुमच्या बाजूने सुरू करते आणि उलट टोकाला पोचते.

क्लब साहेबांनी काढला, मान्य. पण तो साहेबांकडे राहिला का? पहिला नोंदलेला सामना ८ मार्च १८९० रोजी सेव्हियाच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर झाला. सेव्हिया २-० ने जिंकला, आणि दोन्हीकडे खेळणारे बहुतेक ब्रिटिशच. साहेब परत गेले, खाणी १९५४ मध्ये पुन्हा स्पॅनिश हातांत आल्या, आणि स्टँडमध्ये बसायला लागली ती गोदीतली, खाणीतली, मासळीबाजारातली माणसं. वेल्वाकरांना शेजारी 'चोकेरो' म्हणतात, चोको म्हणजे माकूल यांचं आवडतं खाणं म्हणून. क्लब आज त्या चोकेरोंचा आहे. गोळ्या झेललेल्यांच्या नातवंडा-पणतवंडांनी साहेबांचा खेळ आपला केला, म्हणूनच तर तो जपायचा!

मैदानावरची कामगिरीही एवढी हलकी समजू नका. २००३ मध्ये पहिल्या विभागातून बाहेर पडता पडता हा संघ किंग्ज कप या स्पेनच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचला होता. मायोर्काने ३-० ने हरवलं, त्यांच्या एतोने दोन गोल केले. मग २००६-०७. प्रशिक्षक मार्सेलिनो, संघात तरुण सान्ती कासोर्ला, आघाडीला सिनामा पोंगोल आणि उचे. २० डिसेंबर २००६ रोजी बर्नाबेऊवर, म्हणजे त्यांच्याच मैदानावर, रेआल माद्रिदला ३-० ने हरवलं. ते माद्रिद त्या मोसमात विजेतं ठरलं, हे लक्षात घ्या.

त्या सामन्याला निघालेल्या चाहत्यांच्या बसला वाटेत अपघात झाला आणि काही जण दगावले. शहराने जिंकण्याचा आनंद आणि ते दुःख एकाच रात्री पाहिलं. रेक्रे त्या मोसमात आठवा आला. माझी वेल्वाची मैत्रीण या सामन्याबद्दल बोलायला लागली की आधी बसबद्दल बोलते, गोल नंतर. हा क्लब तिला काय आहे ते मला तेव्हा कळलं.

हिशेबनीस

कोलोंबिना, वाचून थोडा वेळ थांबलो. खरंच.

तरी माझा प्रश्न शिल्लक आहे, कारण तो भावनेचा नाही, पद्धतीचा आहे. नगरपालिका क्लब वाचवते तेव्हा आधीच्या मालकाला आणि पुढच्या मालकालाही एक निरोप जातो: उधळा, शेवटी शहर उचलेल. क्लब सर्वांत जुना असल्यामुळे तर हा धोका जास्त, कारण त्याला कोणी मरू देणार नाही हे प्रत्येकाला ठाऊक. वारशाच्या यादीतल्या चर्चच्या छपरावर सरकार खर्च करतं, पण तिथल्या पाद्र्याने किती खर्च करायचा हेही ठरवून देतं. क्लबला तसा लगाम कोण लावणार?

दर्यावर्दी

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त पटला, आणि इथे माझं मत थोडं बदलतं. वाचवलं ते बरोबरच. पण वाचवताना समभागांचा एक हिस्सा कायमचा चाहत्यांच्या संघटनेकडे द्यायला हवा होता. त्यांच्या संमतीशिवाय क्लब विकता येणार नाही, स्टेडियम गहाण टाकता येणार नाही, अशी अट घालून. विक्रीच्या टेबलावर ते आजोबा बसले असते तर त्यांनी मालकाला दोन प्रश्न जास्त विचारले असते.

मातीचा_वास

चाहत्यांच्या हिश्शाला माझा पूर्ण पाठिंबा. त्यात एक भर घाला: वरच्या गावातल्या, म्हणजे मिनास दे रिओतिंतोच्या पोरांना वर्षातून एक सामना फुकट दाखवायचा. ४ फेब्रुवारीच्या आठवड्यातला. खेळाडूंनी दंडावर काळी फीत बांधून उतरायचं.

कोलोंबिना

हे मी मैत्रिणीला आजच कळवते. तिचे पणजोबा त्याच खाणीत होते.