मदत हवी आहे: सी-राफ आणि १४-३-३ या प्रथिनांच्या को-आयपीत (अँटीबॉडीने एक प्रथिन ओढून त्याला चिकटलेलं दुसरं बघणं) बँड नेमका कशाचा?

एचईके२९३टी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी) पेशी, १० सेंमी डिश. सी-राफ ओढून त्याला चिकटलेलं १४-३-३ बघायचंय. बफर: ५० मिलिमोलर ट्रिस (पीएच ७.५), १५० मिलिमोलर मीठ, १% एनपी-४०, १ मिलिमोलर ईडीटीए. एसडीएस (तीव्र डिटर्जंट) असलेला रिपा बफर मुद्दाम टाळलाय, त्यात जोडी सुटते. १ मिग्रॅ लायसेट (फोडलेल्या पेशींचा अर्क), २ मायक्रोग्रॅम अँटीबॉडी, रात्रभर ४ अंशांवर, तीन वॉश.

अडचण अशी, की १४-३-३ साधारण २८-३० किलोडाल्टनला येतं आणि अँटीबॉडीची लाइट चेन (तिची लहान साखळी) २५ ला. ब्लॉटवर दोन्हींचा मिळून एकच जाड डाग! आयपी आणि ब्लॉट दोन्हीकडे सशाचीच अँटीबॉडी, म्हणून ब्लॉटची दुय्यम अँटीबॉडी आयपीतली लाइट चेनही दाखवते, हे मुळातलं दुखणं. ब्लॉटला उंदराची घ्यावी, की डीएमपीने (रासायनिक जोडकाने) अँटीबॉडी बीड्सना पक्की जोडावी? डीएमपीने पकड कितपत ढिली पडते?

दुसरी शंका फॉस्फेटची. १४-३-३ सी-राफच्या एस२५९ आणि एस६२१ या फॉस्फेट लागलेल्या सेरिनना धरतं. बफरात फक्त व्हॅनाडेट आहे आणि ते टायरोसिनवरचं फॉस्फेट काढणारी एन्झाइम्सच (टायरोसिन फॉस्फेटेज) रोखतं, म्हणजे सेरिन उघड्यावरच. सोडियम फ्लोराइड आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट घालतोच आहे. कॅलिक्युलिन-ए (सेरिन फॉस्फेटेज रोखणारं) पण हवं का?

कंट्रोलला एस२५९ए म्युटंट (२५९ व्या सेरिनच्या जागी अ‍ॅलानिन) आहे. शिवाय फॉस्फेट काढून टाकणारं लॅम्डा फॉस्फेटेजही वापरायचंय, पण त्याला मँगनीज लागतं आणि ईडीटीए ते बांधून टाकतं, त्यामुळे या बफरात ते चालणार नाही. ती नळी वेगळ्या बफरात केली तर तुलना ग्राह्य धरावी का? की आर१८ पेप्टाइडने (जे १४-३-३ च्या पकडीची जागा अडवतं) १४-३-३ सोडवून दाखवणं जास्त सरळ?