शब्दचर्चा : प्रश्नावलीत 'अँक्झायटी'ला काय म्हणायचं? चिंता, धाकधूक, घालमेल की आणखी काही

मानसशास्त्रात एमए करतेय, शेवटचं वर्ष. प्रोजेक्टसाठी दोन गटांची अँक्झायटी मोजायचीय, एक कॉलेजची मुलं आणि दुसरा व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झालेले लोक. फॉर्म मराठीतच हवा कारण केंद्रातल्या बऱ्याच जणांना तो मी वाचून दाखवणार आहे. आणि गाडी अडलीय पहिल्याच शब्दावर.

जीएडी-७ म्हणून प्रश्नावली आहे, २००६ साली आलेली. सात प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा असं झालं एवढंच विचारायचं, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून तीव्र. म्हणजे एकदोन प्रश्नांचं उत्तर इकडचं तिकडे झालं की माणूस एका खान्यातून दुसऱ्या खान्यात. मराठी पुस्तकांत कुठे 'चिंता विकृती' तर कुठे 'दुश्चिंता' दिसतं म्हणून मी आपलं सरळ 'तुम्हाला चिंता वाटते का' असं लिहिलं आणि ओळखीतल्या चारपाच जणांना देऊन बघितलं.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा एक मुलगा, म्हणाला चिंता वगैरे काही नाही, शून्याला गोल केला. फॉर्म परत देताना सहज बोलला की फक्त व्हायव्हाच्या दिवशी पोटात गोळा येतो, डबा तसाच घरी परत येतो, आणि मागच्या सेमला तर लॅबच्या दारापर्यंत जाऊन माघारी आलो. त्याने दिलेलं पेन घामाने ओलं होतं. आणि फॉर्मवर शून्य!

उलट माझी मावशी. चिंता वाटते का म्हटल्यावर, 'अगं वाटणारच, दोन पोरींची लग्नं व्हायचीयत,' आणि ३ गुण. तिची झोप, जेवण, हसणं सगळं व्यवस्थित आहे.

मला नेमकं जे मोजायचंय ते 'चिंता'त येतच नाहीये असं वाटतंय. तुमच्याकडे काय म्हणतात?

प्रतिसाद १

'चिंता' आणि 'चिंतन' एकाच धातूचे, चिन्त् म्हणजे विचार करणे. फडताळात बसलेल्या लहानग्या नारायणाने आईला 'चिंता करितो विश्वाची' म्हटल्याची गोष्ट आपल्याकडे घरोघर सांगतात, त्यात घाबरणं कुठे आहे? आपल्या चिंतेला बहुतेक वेळा विषय लागतो, मुलीचं लग्न, पाऊस, कर्जाचा हप्ता. आणि ती जबाबदार माणसानं करायची असते, न करणारा बेफिकीर ठरतो. म्हणून मावशी अभिमानाने हो म्हणाल्या आणि त्या पोराला तो शब्द आपला वाटलाच नाही, त्याच्या लेखी चिंता आईबाबा करतात. 'काळजी'चंही तेच, 'काळजी घे' म्हणतो आपण, त्यात माया जास्त आहे.

प्रतिसाद २

मी या शब्दांकडे काळाच्या अंगाने बघते. रुखरुख आणि चुटपुट होऊन गेलेल्या गोष्टीची, तेवढं बोलायला नको होतं वगैरे. घालमेल, तगमग, उलघाल, कासावीस होणं हे आत्ता चाललेलं असतं आणि ते शरीरातही दिसतं, माणूस एका जागी बसत नाही. पुढच्या गोष्टीची असते ती धाकधूक आणि धास्ती. हुरहुर घेऊ नकोस, तिच्यात गोडवा पण आहे, लेक सासरी निघाली तरी हुरहुर आणि कुणी भेटणार असलं तरी हुरहुर.

मुलांसाठी मी धाकधूक घेईन. पण एक अडचण आहे, धाकधुकीला शेवट असतो, निकाल लागला की ती संपली. तुला जी मोजायचीय ती निकाल लागल्यावरही संपत नाही ना? मग 'उगाचच' हा शब्द जोडून बघ. 'उगाचच जीव घाबरा होतो का.' माझी आजी नेमकं हेच म्हणायची, संध्याकाळी दिवेलागणीला तिला असं व्हायचं, आणि आम्ही तिला दरवेळी पित्त झालंय म्हणून आल्याचा रस द्यायचो.

प्रतिसाद ३

एवढा विचार कशाला, टेन्शन लिहा की, शेतकऱ्यापासून कलेक्टरपर्यंत सगळ्यांना कळतं.

प्रतिसाद ४

टेन्शन नको हो दादा. मी ११ वर्षं व्यसनमुक्तीत समुपदेशक आहे, आमच्याकडे टेन्शन म्हणजे पिण्याचं कारण. 'टेन्शनमध्ये घेतली' हे वाक्य दिवसातून दहादा ऐकते. बायको बोलली तरी टेन्शन, पैसे नाहीत तरी टेन्शन, राग आला तरी टेन्शन. तुम्ही टेन्शन येतं का विचारलंत तर वॉर्डात सगळ्यांना ३.

ताई, तुमच्यासाठी त्याहून महत्त्वाचं सांगते. वरचे अंगाशी जोडलेले शब्द, पोटात गोळा, छातीत धडधड, हात थरथरणं, हे कॉलेजच्या मुलांना अगदी बरोबर पकडतील पण आमच्या लोकांत घोळ घालतील. दारू सुटल्यावर पहिल्या दोनतीन दिवसांत हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते, जीव वरखाली होतो. गर्दवाले, म्हणजे ब्राउन शुगर घेणारे, नशा सुटल्यावरच्या अशा त्रासाला टर्की म्हणतात. बेकची अँक्झायटीची प्रश्नावली बघा, २१ प्रश्न, ६३ गुण, त्यात बरेचसे प्रश्न शरीराचेच, धडधड, कंप, चक्कर, घाम. ती दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी भरून घेतली तर तुम्ही टर्की मोजाल आणि वर नाव अँक्झायटीचं लिहाल. माणूस निदान दोन ते चार आठवडे कोरडा राहिल्यावर मोजा, आणि शेवटचं कधी घेतलं होतं ते फॉर्मवर लिहाच. तंबाखूचंही विचारा. बार लावला की डोकं शांत होतं म्हणतात, ती बरीचशी तलफच शांत झालेली असते.

एक प्रसंग सांगते. स्पीलबर्गरची अँक्झायटीचीच आणखी एक प्रश्नावली आहे, तिच्यात दोन भाग असतात, २० प्रश्न आत्ता कसं वाटतंय याचे आणि २० एरवी कसं वाटतं याचे. एका रिक्षावाल्या दादांना मी वाचून दाखवत होते, 'एरवी मला शांत वाटतं.' ते थांबले. बराच वेळ चादरीची कड बोटाला गुंडाळत राहिले आणि मग म्हणाले, 'मॅडम, एरवी म्हणजे पिऊन का न पिता? न पिता मी कसा असतो ते मला माहीतच नाय, सतराव्या वर्षापासून घेतोय.' मी फॉर्म बाजूला ठेवला. 'एरवी' इतका साधा, आपला शब्द, आणि त्या माणसाकडे त्याचा अर्थच शिल्लक नव्हता. आजही तो शब्द वाचला की ती चादर डोळ्यांपुढे येते.

आणि कृपया फॉर्मच्या वरती 'गट ब : व्यसनी' असं लिहू नका. ते वाचतात. 'उपचार घेत असलेले' लिहिलं तरी तुमचं काम होतं.

प्रतिसाद ५ (धागा काढणारी)

ताई, 'एरवी'चं वाचून खूप वेळ काही सुचलं नाही. खरं सांगायचं तर गट ब असंच लिहिलं होतं मी, आत्ता बदललं.

सरांशी बोलले. मूळ प्रश्न बदलता येणार नाहीत पण शब्द बदलता येतील, आणि मराठी केलेलं दुसऱ्या कुणाकडून परत इंग्रजीत करून घ्यायचं, अर्थ तोच राहतो का बघायला. पहिला प्रश्न आता असा आहे : 'उगाचच जीव घाबरा होणं, धाकधूक वाटणं किंवा जीव टांगणीला लागल्यासारखं वाटणं.' मूळ इंग्रजीत 'ऑन एज' आहे, त्याला टांगणीच जवळची वाटली. सातवा : 'काहीतरी वाईट घडणार अशी मनात भीती वाटत राहणं.' यात 'मनात' मुद्दाम घातलंय, थरथर आणि घाम त्यात येऊ नये म्हणून. केंद्रातले फॉर्म चौथ्या आठवड्यात भरून घेणार. 'एरवी'वाली प्रश्नावली पूर्ण वगळली.

त्या इंजिनिअरिंगच्या मुलाला नवीन पहिला प्रश्न वाचून दाखवला. त्याने विचारलं, 'रोज व्हायला पाहिजे का, की आठवड्यातून चारपाच दिवस चालेल?' त्याला २ गुण पडले, आणि कॉलेजच्या समुपदेशक मॅडमना भेटायला तो माझ्याबरोबर येतो म्हणालाय, गुरुवारी.

विदर्भातलं कुणी असेल तर 'जीव टांगणीला' तिकडे घरात बोलतात का तेवढं सांगा, नागपूरच्या केंद्रातून पण फॉर्म यायचेत.