मदत हवी आहे: ऑनलाइन बुद्धिबळात चुकून पडलेली चाल परत कशी घ्यायची? (लवकर सांगा)

रिकामटेकडी
मात एका चालीवर होती. वजीर एच-७ ला ठेवायचा, मागे डी-३ वर उंट उभा, खेळ खल्लास. आणि वजीर पडला एच-६ वर! समोरच्याने जी-७ च्या प्याद्याने तो उचलला. मी टेकबॅक (चाल परत घ्यायची परवानगी) मागितला तर ढिम्म उत्तर नाही. आठवड्यातली तिसरी वेळ. चाल परत घ्यायचा खात्रीचा उपाय आहे का? आणि अशा माणसाची तक्रार कुठे करतात?

अडीचघर
कुठल्या साइटवर? मोबाइल की कॉम्प्युटर? किती मिनिटांचा डाव? रेटेड (गुणांकनासाठीचा) होता का?

रिकामटेकडी
त्याने काय फरक पडतो? चाल चुकून पडली एवढंच आहे.

प्यादेपंत
फरक पडतो हो ताई. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर टेकबॅक दोघांच्या सेटिंगमध्ये चालू असेल तरच मागता येतो, आणि स्पर्धेच्या डावात तर नाहीच. शिवाय मागितला म्हणून द्यायलाच हवा असं कुठेही नाही. तक्रार कसली करताय? त्याने नियम मोडलेला नाही.

उंटावरचा_शहाणा
पटावर बसून खेळा, हे सगळे चोचले संपतात. हात लावला ती सोंगटी खेळायची. आम्ही असेच शिकलो.

रिकामटेकडी
@उंटावरचा_शहाणा, पटावर चुकून हात लागला तर माफ असतं. फिडेच्याच, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, नियमात आहे.

उंटावरचा_शहाणा
अर्धवट वाचलंत. उघडपणे चुकून धक्का लागला तर ती सोंगटी खेळायची सक्ती नाही, बरोबर. पण तुम्ही वजीर स्वतः उचललात आणि एच-६ वर सोडलात. नियमात बसणाऱ्या घरावर सोंगटी सोडली की चाल पक्की. ‘मला पुढच्या घरात ठेवायचा होता’ हे पंच ऐकत नाही. उलट ऑनलाइन तुम्हाला सवलतच आहे: सोंगटी उचलून परत मूळ घरात ठेवली तर कोणी काही म्हणत नाही.

हत्तीवरून_साखर
मला वाटतं मूळ भानगड प्रमोशनची आहे. प्यादं आठव्या ओळीत गेलं की आपोआप वजीर होतो, ते बंद करा. माझा एकदा त्यामुळे जिंकलेला डाव पॅटमध्ये (शह नसताना समोरच्याला चालच न उरल्याने बरोबरीत) गेला, घोडा करायचा होता.

अडीचघर
@हत्तीवरून_साखर, प्रमोशनचा इथे काय संबंध? 😀
ताई, मोबाइलच ना? आणि वजीर बोटाने ओढत नेला?

रिकामटेकडी
हो, मोबाइल. ओढूनच नेतात ना? ३+०, म्हणजे प्रत्येकी तीन मिनिटं, वर जादा सेकंद नाहीत. साइट म्हणाल तर लिचेसवर आणि आणखी एका साइटवर खेळते, दोन्हीकडे हेच.

अडीचघर
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर! ओढताना ज्या घरात जायचं तेच घर बोटाखाली झाकलं जातं, आणि बोट उचलताना अंगठा किंचित खाली घसरतो. म्हणून वजीर नेमका एक घर अलीकडे पडला. ओढणं सोडा. आधी सोंगटीवर टॅप, मग घरावर टॅप. लिचेसच्या वेबसाइटवर प्रेफरन्सेसमध्ये गेम बिहेविअर उघडा, तिथे ‘दोन घरांवर क्लिक’ असा पर्याय निवडा म्हणजे ओढणं बंदच होतं.

प्यादेपंत
त्यापेक्षा चालीची खात्री विचारणारं सेटिंग चालू करा. दुसऱ्यांदा दाबेपर्यंत चाल जातच नाही. मी वर्षभर तसंच खेळतोय, एकही सोंगटी फुकट गेली नाही.

अडीचघर
पंत, तुम्ही एकेका चालीला दिवस दिवस घेता. ३+० मध्ये ४० चाली झाल्या आणि प्रत्येक खात्रीला एक सेकंद गेला तरी ४० सेकंद गेले. म्हणजे १८० मधले ४०! मात होण्याआधी घड्याळ पडेल.

प्यादेपंत
मग ३+० खेळायचंच कशाला? ३+२ खेळा, प्रत्येक चालीला दोन सेकंद मिळतात. मुळात ब्लिट्झ (असे झटपट डाव) म्हणजे बुद्धिबळच नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

हत्तीवरून_साखर
ऑनलाइन खेळात असं व्हायचंच. २०२० च्या ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम सामन्यात भारताच्या खेळाडूंचं कनेक्शन गेलं होतं, शेवटी भारत आणि रशिया दोघांना सुवर्णपदक दिलं.

उंटावरचा_शहाणा
कनेक्शन जाणं वेगळं, बोट घसरणं वेगळं. बोट घसरलं म्हणून कोणी सुवर्ण वाटत नाही.

अडीचघर
ताई, बाकीच्या दोन वेळा काय झालं होतं?

रिकामटेकडी
एकदा असंच, घोडा भलत्या घरात. दुसऱ्यांदा मी प्रीमूव्ह (समोरच्याची चाल होण्याआधीच ठरवून ठेवलेली चाल) लावून ठेवला होता. तो राजा हलवेल असं वाटलं, त्याने शांतपणे घोडा मध्ये आणला आणि माझा हत्ती थेट त्याच्या तोंडात जाऊन बसला.

अडीचघर
तो घसरलेला हात नव्हे, तो अंदाज! प्रीमूव्ह लावायचाच तर तो तुमची सोंगटी मारेल त्याच घरावर परत मारण्याचा लावा. त्याने मारलं तर तुम्ही लगेच मारता. नाही मारलं तर त्या घरात तुमचीच सोंगटी असते, चाल नियमात बसत नाही आणि आपोआप रद्द होते. बाकीचे प्रीमूव्ह घड्याळ संपत आल्यावरच.

रिकामटेकडी
टॅप करून पाच डाव खेळले. एकही सोंगटी घसरली नाही. तीन हरले, पण ते माझ्या डोक्याने. टेकबॅक न देणारा मात्र अजून डोक्यात आहे.

उंटावरचा_शहाणा
माझ्याशी खेळा एक डाव. १५+१०, टेकबॅक चालू ठेवतो.

रिकामटेकडी
चालू ठेवाल हो, मागितला तर देणार का ते आधी सांगा.